छातीच्या शस्त्रक्रियेनंतर ‘नर्व्ह ब्लॉक’ कशासाठी देतात?

फुप्फुसाचा एखादा भाग काढायचा असतो, छातीत साठलेला पू साफ करायचा असतो किंवा हृदयाची शस्त्रक्रिया ठरलेली असते. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ रुग्णाला तपासतात, जुनी औषधे विचारतात आणि सांगतात, “पूर्ण भूल तर देऊच, शिवाय एक नर्व्ह ब्लॉकही देऊ.” संमतिपत्रावर सही होते, पण रुग्णाच्या आणि घरच्यांच्या मनात शंका राहून जाते. माणूस पूर्ण झोपेतच असणार असेल, तर आणखी एक सुई कशाला? ती पाठीच्या कण्याजवळ टोचणार म्हणजे काही धोका तर नाही? आणि वेदनाशामक इंजेक्शने असतातच, मग हा वेगळा उपद्व्याप का?

या शंका अगदी रास्त आहेत. पूर्ण भूल शस्त्रक्रियेपुरती असते, ब्लॉकचे, म्हणजे मज्जातंतू काही काळ बधिर करणाऱ्या इंजेक्शनचे, खरे काम मात्र रुग्ण जागा झाल्यावर सुरू होते, आणि ते काम रुग्णाला नुसते शांत पडून राहता यावे एवढ्यापुरते नसते. त्याला खोल श्वास घेता यावा आणि जोर लावून खोकता यावे, यासाठी ब्लॉक दिला जातो. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीभोवती आहे.

छातीची जखम इतर जखमांहून वेगळी का?

पायाचे हाड मोडले तर पाय प्लास्टरमध्ये घालून स्थिर ठेवता येतो. पोटावर टाके असतील तर काही दिवस वाकणे, उचलणे टाळता येते. छातीला अशी विश्रांती देताच येत नाही. प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतो, म्हणजे दिवसाला 17,000 हून अधिक वेळा, आणि प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्या हलतात, टाक्यांवर ताण येतो, रक्त आणि हवा बाहेर काढण्यासाठी छातीत ठेवलेली नळी फुप्फुसाच्या आवरणाला घासते.

छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत दोन बरगड्यांमधली जागा धातूच्या उपकरणाने फाकवावी लागते. त्यात बरगड्यांचे मागचे सांधे ताणले जातात, कधी एखादी बरगडी तडकते आणि बरगडीच्या खालच्या कडेने जाणारा मज्जातंतू चेपला जातो. शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या सर्वांत तीव्र वेदनांमध्ये या वेदनेची गणना होते, ती यामुळेच.

वेदना टाळण्यासाठी शरीर काय करते, हे अशा रुग्णाच्या खाटेशेजारी दोन मिनिटे उभे राहिले तरी दिसते. रुग्ण एका अंगावर कलतो, दंड छातीशी आवळून धरतो आणि छोटे छोटे, वरचेवर श्वास घेऊ लागतो. खोकल्याची उबळ आली की ती दाबतो. बोलतानाही वाक्य अर्धवट सोडतो. पाहणाऱ्याला तो शांत पडलेला वाटतो, पण आत फुप्फुसाचा तळाचा भाग नीट फुगत नसतो. न फुगलेले वायुकोश मिटू लागतात, खोकला न आल्याने कफ तिथेच साचतो, रक्तातला प्राणवायू कमी होतो आणि साचलेल्या कफात जंतू वाढले की न्यूमोनिया होतो. ज्याचे फुप्फुस आधीच धूम्रपानाने किंवा दम्याने दुबळे झाले आहे, ज्याच्या फुप्फुसाचा काही भाग नुकताच काढला आहे, त्याला हे झेपणारे नसते. म्हणून “थोडे सहन करा” हा सल्ला या ठिकाणी केवळ कठोर नाही, घातकही आहे.

वेदना छातीतून मेंदूपर्यंत कशी पोहोचते?

पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून छातीच्या भागात मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. प्रत्येक मज्जातंतू कण्याशेजारच्या एका अरुंद जागेतून बाहेर पडतो आणि बरगडीच्या खालच्या कडेला असलेल्या खोबणीतून, शिरा आणि धमनीच्या सोबतीने, पाठीकडून पुढे छातीच्या मधल्या हाडापर्यंत येतो. वाटेत त्याला फाटे फुटतात : एक पाठीच्या स्नायूंना, एक काखेखालच्या बाजूच्या त्वचेला, एक थेट पुढच्या भागाला. छातीच्या भिंतीवर जिथे काही दुखते, त्याचा संदेश या फाट्यांतून मुख्य मज्जातंतूत, तिथून मज्जारज्जूत आणि पुढे मेंदूत जातो.

हे संदेश विद्युत स्वरूपाचे असतात. मज्जातंतूच्या आवरणात सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून सोडियमचे कण आत शिरतात आणि त्या प्रवाहामुळे संदेश पुढे सरकतो. बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन, लिग्नोकेन ही औषधे ही छिद्रे काही काळ बंद करतात. मज्जातंतूभोवती असे औषध सोडले की जखम तीच राहते, पण तिची खबर वर जात नाही. यालाच नर्व्ह ब्लॉक म्हणतात. औषध हळूहळू रक्तात शोषले जाऊन निघून गेले की छिद्रे पुन्हा उघडतात आणि संवेदना परत येते.

वेदना आणि तापमानाची जाणीव बारीक तंतूंतून जाते, स्पर्शाची जाणीव मुख्यतः जाड तंतूंतून, आणि बारीक तंतू औषधाला लवकर वश होतात. म्हणूनच ब्लॉक लागला की नाही हे पाहण्यासाठी भूलतज्ज्ञ त्वचेवर बर्फ किंवा गार फवारा लावून विचारतात. “हात लागलेला कळतो, पण गार वाटत नाही,” असे रुग्णाने सांगितले की ब्लॉक त्या भागात पोहोचला आहे. गारवा कुठून कुठपर्यंत जाणवत नाही, यावरून किती बरगड्यांचा पट्टा बधिर झाला तेही मोजता येते.

कुठे अडवायचे?

एकाच ‘ब्लॉक’ या नावाखाली अनेक पद्धती येतात, त्यामुळे गोंधळ होतो. डोंगरउतारावरचे लहान ओहोळ एकत्र येऊन ओढा होतो आणि ओढा नदीला मिळतो, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. मज्जातंतूचे फाटे हे ओहोळ, मुख्य मज्जातंतू हा ओढा आणि मज्जारज्जू ही नदी. एखाद्या ओहोळाला बांध घातला तर तेवढेच पाणी थांबते, ओढा नदीला मिळतो तिथे बांध घातला तर वरचे सगळेच थांबते. छातीच्या ब्लॉकचे प्रकार मुख्यतः बांध कुठे घातला यावरूनच ठरतात.

एपिड्युरल ही दीर्घकाळ सर्वोत्तम मानली गेलेली पद्धत. स्पेनचे लष्करी शल्यचिकित्सक फिदेल पाखेस यांनी 1921 मध्ये कमरेच्या भागातल्या एपिड्युरल भुलीचे वर्णन प्रसिद्ध केले. छातीच्या शस्त्रक्रियेसाठी औषधाची बारीक नळी पाठीच्या वरच्या भागात, मज्जारज्जूच्या बाहेरच्या आवरणापलीकडच्या जागेत ठेवतात. तिथे औषध सोडले की दोन्ही बाजूंचे मज्जातंतू एकदम बधिर होतात. वेदना उत्तम थांबते. पण त्याच जागी रक्तवाहिन्यांचा ताण सांभाळणारे तंतूही असतात, त्यामुळे रक्तदाब उतरू शकतो, लघवी अडू शकते, आणि त्याच नळीतून अफूवर्गीय औषध दिले असल्यास अंगाला खाज येते. एका फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेसाठी दोन्ही बाजू बधिर करण्याची गरजही नसते.

पॅराव्हर्टिब्रल ब्लॉकमध्ये औषध कण्याच्या शेजारी, मज्जातंतू नुकताच बाहेर पडतो त्या जागेत सोडतात, तेही फक्त ज्या बाजूला शस्त्रक्रिया आहे त्याच बाजूला. 1905 मध्ये ह्युगो झेलहाइम यांनी ही पद्धत वापरली, नंतर ती बरीचशी विस्मरणात गेली आणि 1979 मध्ये ईसन व वायट यांच्या लेखामुळे पुन्हा वापरात आली. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियांमध्ये या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. वेदनाशमन दोन्हींत जवळपास सारखे आढळले, रक्तदाब उतरणे, मळमळ, खाज आणि लघवी अडणे हे त्रास मात्र पॅराव्हर्टिब्रलमध्ये कमी होते. अनेक ठिकाणी आज याच ब्लॉकला पहिली पसंती मिळते, आणि माझ्या मते ती योग्य आहे.

हा ब्लॉक सोनोग्राफीच्या मदतीने देताना पडद्यावर जे दिसते ते पाहण्यासारखे असते. बरगडी ठळक पांढऱ्या रेषेसारखी दिसते आणि तिच्याखाली काळी सावली पडते. फुप्फुसाचे आवरण चकाकत्या रेषेसारखे प्रत्येक श्वासाबरोबर सरकताना दिसते. सुईचे टोक योग्य जागी पोहोचल्यावर औषध सोडले की ती चकाकती रेषा खाली दाबली जाते. औषध हव्या त्या जागेत जात असल्याची ती खूण. पूर्वी हेच काम केवळ बोटांच्या अंदाजाने आणि सुईला जाणवणाऱ्या अडथळ्यावरून करावे लागे.

बरगडीखालच्या एकेका मज्जातंतूला स्वतंत्रपणे बधिर करणे हा आणखी एक मार्ग. छाती उघडलेली असताना शल्यचिकित्सक आतून, डोळ्यांनी पाहत, हे इंजेक्शन देऊ शकतात. पद्धत सोपी, पण प्रत्येक बरगडीला वेगळी सुई लागते आणि इथून औषध रक्तात फार वेगाने शोषले जाते, त्यामुळे एकूण मात्रेवर काटेकोर लक्ष ठेवावे लागते.

अलीकडच्या काळात स्नायूंच्या थरांमध्ये औषध पसरवण्याच्या पद्धती पुढे आल्या. काखेखालच्या स्नायूच्या थरातला सेरेटस ब्लॉक 2013 मध्ये आणि पाठीच्या लांब स्नायूंखालचा इरेक्टर स्पायनी ब्लॉक 2016 मध्ये वर्णिला गेला. यांत सुई कण्यापासून आणि फुप्फुसाच्या आवरणापासून दूर राहते, म्हणून त्या देणे तुलनेने सोपे आणि सुरक्षित. मात्र थरात सोडलेले औषध मज्जातंतूपर्यंत किती पोहोचेल, हे प्रत्येक शरीरात सारखे नसते. हृदयशस्त्रक्रियेत रक्त पातळ करणारे हेपारिन मोठ्या प्रमाणात द्यावे लागते आणि अशा वेळी कण्याजवळ रक्तस्राव झाला तर तो गंभीर ठरू शकतो, म्हणून तिथे छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना असेच थरातले ब्लॉक देण्याकडे कल वाढला आहे.

मॉर्फीन आहेच, मग सुई कशाला?

मॉर्फीन, फेंटानिल यांसारखी अफूवर्गीय औषधे प्रभावी आहेत आणि ती वाईट ठरवण्याचे कारण नाही. पण ती रक्तातून संपूर्ण शरीरात फिरतात आणि मेंदूवर काम करतात. वेदना कमी करतानाच ती श्वास मंदावतात, खोकल्याची प्रेरणा दाबतात, गुंगी आणतात, मळमळ आणि बद्धकोष्ठता करतात. ज्या रुग्णाने जागे राहून खोल श्वास घ्यावा आणि खोकावे अशी आपली धडपड असते, त्याच्याबाबतीत हे परिणाम नेमके आडवे येतात. मात्रा वाढवावी तर रुग्ण झोपाळतो, कमी करावी तर खोकवत नाही.

ब्लॉक दिल्यावर ही औषधे पूर्ण बंद होत नाहीत, त्यांची गरज कमी होते. पॅरासिटामॉल, मूत्रपिंड आणि जठराची स्थिती ठीक असल्यास सूज कमी करणारी वेदनाशामके, ब्लॉक आणि गरजेपुरते मॉर्फीन असा एकत्रित उपचार आता सर्वमान्य आहे. ब्लॉक हा त्यातला एक आधार आहे, एकमेव उपाय नव्हे.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून असेल तरी ब्लॉक लागतो का?

लहान छिद्रांतून केलेल्या शस्त्रक्रियेत बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत, म्हणून वेदना निश्चितच कमी असते. तरीही नळकांडी उपकरणे बरगड्यांमधूनच आत जातात, मज्जातंतूवर दाब येतो आणि शेवटी छातीत नळी ठेवावीच लागते. अनेक रुग्ण सांगतात की टाक्यांपेक्षा ती नळीच जास्त बोचते. शस्त्रक्रियेगणिक वेदनाशमनाच्या शिफारशी करणाऱ्या ‘प्रॉस्पेक्ट’ या तज्ज्ञगटाने दुर्बिणीच्या छातीशस्त्रक्रियांसाठीही पॅराव्हर्टिब्रल किंवा इरेक्टर स्पायनी ब्लॉकला पहिली आणि सेरेटस ब्लॉकला दुसरी पसंती दिली आहे.

पाठीत सुई टोचल्याने अपंगत्व येईल का?

ही भीती सर्वांत मोठी असते आणि तिला थातुरमातुर उत्तर देऊन भागत नाही. सुई मज्जारज्जूच्या सर्वांत जवळ जाते ती एपिड्युरलमध्ये. तिथे रक्त किंवा पू साचून मज्जारज्जूवर दाब आला तर पायांतली शक्ती जाऊ शकते. असे फार क्वचित होते. कण्यातून दिल्या जाणाऱ्या सर्व प्रकारच्या भुलीची ब्रिटनमध्ये देशभर पाहणी झाली, तिचा अहवाल 2009 मध्ये आला आणि त्यात कायमस्वरूपी इजा 1 लाख रुग्णांमागे साधारण 2 ते 4 जणांना झाल्याचे दिसले. शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या एपिड्युरलमध्ये हे प्रमाण त्या सरासरीहून जास्त होते, तरीही दुर्मीळच. वेळीच लक्षात आल्यास उपचार करता येतात, म्हणून एपिड्युरल असताना किंवा ते काढल्यानंतर पाय अचानक जड झाले, पाठीत तीव्र कळ आली किंवा लघवीवरचा ताबा गेला तर क्षणाचाही विलंब न करता परिचारिकेला सांगावे. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगायची, तेही याचसाठी.

कण्यापासून दूर दिलेल्या ब्लॉकमध्ये हा धोका आणखी कमी होतो. पॅराव्हर्टिब्रलमध्ये सुई फुप्फुसाच्या आवरणाला लागून हवा साचू शकते, पण शस्त्रक्रिया झालेल्या बाजूला नळी असतेच, त्यामुळे ती हवा तिच्यातून निघून जाते.

सर्वच ब्लॉकना लागू होणारा एक धोका आहे, तो औषध जास्त प्रमाणात रक्तात गेल्याचा. तोंडाभोवती बधिरपणा, जिभेवर धातूची चव, कानांत गुणगुण ही त्याची पहिली लक्षणे, त्यापुढे झटके येऊ शकतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून मात्रा वजनावर ठरवतात. बुपिव्हाकेनची मर्यादा किलोमागे सुमारे 2 मिलिग्रॅम धरली, तर 50 किलोच्या रुग्णाला 100 मिलिग्रॅमच्या वर जाता येत नाही. औषध थोडे थोडे सोडतात, मध्ये मध्ये पिचकारीचा दट्ट्या मागे ओढून सुई रक्तवाहिनीत नाही ना हे पाहतात, आणि या विषबाधेवरचा उतारा म्हणून 20 टक्क्यांचे स्निग्ध द्रावण हाताशी ठेवतात.

बरगड्यांचे स्नायू बधिर झाले तर श्वास कसा घेणार?

श्वासाचा मुख्य भार छाती आणि पोटाच्या मधल्या श्वासपटलावर असतो आणि त्याचा मज्जातंतू मानेतून येतो. छातीच्या ब्लॉकचा त्याच्यावर परिणाम होत नाही. बरगड्यांमधल्या स्नायूंची ताकद काहीशी कमी होते हे खरे, पण वेदनेमुळे आखडलेली छाती मोकळी झाल्याचा फायदा त्याहून मोठा ठरतो.

वेदनाच नसेल तर आत काही बिघडल्याचे कळणार कसे, असेही विचारले जाते. छातीतला रक्तस्राव नळीतून किती रक्त येते यावरून, नाडी आणि रक्तदाबावरून कळतो. फुप्फुसाची स्थिती एक्स-रे आणि प्राणवायूच्या पातळीवरून कळते. वेदनेवर यासाठी विसंबून राहावे लागत नाही.

ब्लॉक घेऊनही दुखले तर?

याची तीन वेगवेगळी कारणे असतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे असतात.

काही वेळा ब्लॉक नीट लागलेलाच नसतो किंवा पट्टा एखाद्या बरगडीने कमी पडतो. गारव्याची चाचणी करून ते समजते आणि औषध वाढवता येते किंवा दुसरा मार्ग घेता येतो.

दुसरे कारण खांद्याचे. “ऑपरेशन छातीचे झाले आणि दुखतो खांदा,” ही तक्रार छातीच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्ण करतात, आणि ती मनाची समजूत नसते. श्वासपटलाभोवतीच्या आवरणाला झालेला त्रास मानेतून आलेल्या त्याच मज्जातंतूमार्गे वर जातो आणि मेंदूला तो खांद्यातून आल्यासारखा वाटतो. तो रस्ता छातीच्या ब्लॉकच्या कक्षेबाहेरचा असल्याने ब्लॉक उत्तम लागला असला तरी खांदा दुखतो. इथे गोळ्या आणि सूज कमी करणारी औषधे जास्त उपयोगी पडतात.

तिसरे कारण म्हणजे ब्लॉक उतरणे. एकदाच दिलेल्या इंजेक्शनचा परिणाम सहसा काही तासांपासून फार तर एका दिवसापर्यंत टिकतो, आणि तो अनेकदा मध्यरात्री उतरतो. तोवर रुग्णाने “दुखतच नाही” म्हणून गोळी नाकारलेली असते. वेदना एकदा भडकली की आटोक्यात आणणे कठीण जाते, म्हणून गोळ्या ठरलेल्या वेळी, दुखत नसतानाही घ्यायच्या असतात. मोठ्या शस्त्रक्रियेत बारीक नळी जागेवर ठेवून दोन-चार दिवस औषध चालू ठेवता येते.

वेदना कितपत आहे, हे विचारण्याची पद्धतही इथे महत्त्वाची आहे. शून्य ते दहाच्या मापावर पडल्या पडल्या आकडा विचारला तर रुग्ण “दोन” म्हणतो आणि सगळे समाधानी होतात. त्यालाच उठून बसायला आणि खोकायला सांगितले तर आकडा आठवर जातो. छातीच्या शस्त्रक्रियेत हा दुसरा आकडा खरा. नातेवाइकांनी डॉक्टरांना नेमके हेच सांगावे : पडून असताना बरे वाटते, पण खोकता येत नाही.

महिन्यांनंतरही राहणारी वेदना

छाती उघडलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना जखम भरून आल्यावरही, दोन-तीन महिन्यांनंतर, व्रणाच्या रेषेत जळजळ, मुंग्या किंवा कपड्याच्या स्पर्शानेही होणारी वेदना राहते. मज्जातंतूला झालेली इजा हे त्याचे एक कारण. दुसरे असे की सुरुवातीच्या दिवसांत वेदनेच्या संदेशांचा सतत मारा झाला तर मज्जारज्जू आणि मेंदू अतिसंवेदनशील होतात आणि साध्या संदेशांनाही वेदना म्हणून वाचू लागतात. ब्लॉकमुळे हा मारा कमी होतो. 2018 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत असा ब्लॉक दिलेल्या दर सात रुग्णांपैकी एकाची दीर्घकालीन वेदना टळते. बाकीच्यांना ती होणारच नाही अशी हमी मात्र कोणताही ब्लॉक देत नाही.

अशी जळजळ उरली तर “ऑपरेशन झाले की एवढे राहतेच” असे म्हणून गप्प बसू नये. मज्जातंतूच्या वेदनेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, पण प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलिन यांसारखी वेगळी औषधे, बधिर करणाऱ्या चिकटपट्ट्या आणि गरज पडल्यास पुन्हा दिलेले ब्लॉक हे पर्याय आहेत. त्यासाठी शल्यचिकित्सकांकडे पुनर्तपासणीला जाताना ही तक्रार स्वतःहून सांगावी आणि वेदनातज्ज्ञांकडे पाठवण्याची विनंती करावी.